पिवळ्या पावलांवरच्या चपला

माणसाला आयुष्यात निदान एका गोष्टीचा मनापासून तिटकारा असावा, म्हणजे तब्येत चांगली राहते. वजनवाल्या मावशींना तिटकारा होता तो तान्ही पोरं घेऊन उन्हात उभ्या राहणाऱ्या शहाण्यांचा. या शहाण्यांचा पुरवठा दर बुधवारी सकाळी नऊ वाजता सुरू होत असल्यामुळे मावशी सत्तावन्नाव्या वर्षीही ठणठणीत होत्या.

बुधवार हा दवाखान्यात बाळांना लस टोचण्याचा दिवस. मावशींचं काम एकतीस वर्षं एकच. बाळ काट्याच्या ताटात ठेवायचं, त्याच्या अंगाला न लावता एक हात वर धरून ठेवायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. हे झालं कागदावरचं काम. त्यांचं खरं काम रांग हलवायचं. आतल्या खोलीत चार बाया मावायच्या, बाकीची रांग बाहेर. म्हणून मावशी नऊ वाजता ती कुंपणाच्या उंच भिंतीलगत लावत, साडेदहाला जिन्याखाली नेत आणि बारानंतर मागच्या व्हरांड्यात. सावली सरकली की रांग सरकली. घड्याळ बघायची त्यांना गरज पडत नसे.

रांग सरकत असताना मावशींचं तोंडही चालू असायचं. काळा चष्मा आणि टोपी घालून आलेल्या एका बापाच्या खांद्यावर दोन महिन्यांचं बोडकं पोर होतं. त्याला त्या म्हणाल्या, "बरं झालं बाबा, तू तरी वाचलास." एका आईने लेकीला सशाचे लांब कान असलेलं टोपडं आणलं होतं. मावशींनी ते उलटंपालटं करून बघितलं. "कान दोन दिलेत, काठ एकही नाही. ऊन काय कानावर पडणार आहे?" महिन्याभराच्या पोराच्या गालांना कुणी जाहिरातीतलं पांढरं क्रीम थापून आणलं होतं. "भिंत आहे का ही, चुना फासायला? सहा महिने होईस्तोवर हे काही लावायचं नाही. सावली फुकट मिळते म्हणून तुम्हाला तिची किंमत नाही." आणि बाबागाडीवर जाड चादर टाकून, चारी बाजूंनी खोचून, घामाघूम झालेलं पोर आणणाऱ्या आजोबांना तर त्यांनी हात जोडले. "भाजायचं नाही म्हणून उकडून आणलंत होय? चादर काढा. वारा लागू दे त्याला."

लोक रागवत, कुरकुरत आणि सावलीत सरकत.

घरीही तेच. मावशींच्या घरात नऊ आठवड्यांची नात होती आणि तिची आई, म्हणजे मावशींची सून, टेलिफोन कंपनीच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या कामाला होती. सध्या बाळंतपणाच्या रजेवर. कुणी कितीही भडकून बोललं तरी आवाज चढवायचा नाही, हे तिचं पोटापाण्याचं शिक्षण. सासूला तोंड द्यायला याहून चांगलं शिक्षण जगात नाही. ती पाळणा खिडकीशी ठेवायची, मावशी तो कपाटाशी न्यायच्या. तासाभरात कपाटाशी ऊन आलं की दाराशी.

"आई, पाळणा आहे की घड्याळाचा काटा?"

"पाळणाच आहे. म्हणून तर सांभाळतेय."

"बरं. तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे," असं म्हणून सून शांतपणे दुपटी घडी करत बसायची. मावशींना वाटायचं, हिने एकदा तरी धड भांडावं.

अशात दवाखान्यात नवे साहेब आले. साहेब टापटिपीचे होते. शर्टाच्या खिशातल्या तिन्ही पेनांची टोपणं एका उंचीवर असत. पहिल्याच बुधवारी त्यांनी चार तासांत तीन जागा पालटणारी रांग बघितली आणि मावशींना बोलावून घेतलं.

"ही रांग आहे की सहल?"

त्याच दिवशी त्यांनी रांगेसाठी कायमची जागा मुक्रर केली. समोरच्या अंगणाच्या बरोब्बर मधोमध, दारापासून फाटकापर्यंत सरळ. तिथे पांढऱ्या फरशीवर पिवळ्या रंगाने चाळीस जोड पावलं काढून घेतली, प्रत्येक जोडीला नंबर घातला आणि बाजूला पाटी लावली: "पावले सोडू नयेत. पावले रिकामी दिसल्यास नंबर बाद."

मावशी पाटी वाचून साहेबांच्या टेबलाशी गेल्या. "साहेब, सकाळभर तिथे ऊन असतं. आणि फरशी पांढरी. वरून येतं तेवढंच खालून येतं."

"मावशी, मी स्वतः तिथे उभा राहून बघितलंय. छान सावली होती. वारासुद्धा होता."

"किती वाजता?"

"पाचला. कामं आटोपल्यावर. वेळेचा काय संबंध?"

संध्याकाळी पाचला अख्ख्या इमारतीची सावली अंगणात पडते. लस दुपारी एकला संपते. एकतीस वर्षं काट्यापाशी काढलेल्या मावशींनी इतकं हलकं काही आजवर तोललं नव्हतं.

"आणि थोडं कोवळं ऊन बाळांना चांगलंच असतं," साहेब पुढे म्हणाले.

"अकरा वाजता ऊन कोवळं नसतं, साहेब. कोवळं असतं ते बाळ."

साहेबांनी तीन पेनांपैकी मधलं पेन काढलं. "हे बघा, येत्या बुधवारी वरून माणसं पाहणीला येतील. रांग पावलांवर दिसली पाहिजे. तुम्ही ती हलवलीत, तर गुरुवारपासून तुम्ही जुन्या फायलींच्या खोलीत. काट्यावर दुसरं कुणी बसेल."

मावशी बाहेर आल्या. फायलींना ऊन लागत नाही. तिथे त्यांचा काय उपयोग? आणि काट्यावर जी दुसरी येईल, ती सावलीकडे बघेल की पेनांकडे? घरी गेल्यावर त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, "या बुधवारी तिला आणू नकोस."

"आई, कार्डावर तारीख आहे."

"पुढल्या बुधवारी आण."

"तारीख चुकवणाऱ्यांना तुम्ही काय काय बोलता, ते मी ऐकलंय."

आपलीच भाषणं घरी कुणी लक्ष देऊन ऐकत असेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

बुधवारी सुनेला तेविसावा नंबर मिळाला. मावशींनी आजवर ओळखीच्या कुणाला पुढे घेतलं नव्हतं आणि आज नातीला घेतलं असतं तर एकतीस वर्षांची ऐट एका दिवसात गेली असती. साडेदहा वाजले. भिंतीची सावली पिवळ्या पावलांपासून दहा हात लांब होती आणि दर मिनिटाला आणखी लांब जात होती. मावशी काट्याशी बसून खिडकीतून बघत होत्या. आया पदरांनी, ओढण्यांनी, कार्डांनी पोरांची तोंडं झाकत होत्या. एक बाळ रडायला लागलं, मग त्याचं ऐकून शेजारचं. पोरांची कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढी आणि उभी कशावर, तर साहेबांच्या हौसेवर. मावशींनी दोनदा आकडा चुकीचा सांगितला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तिसऱ्यांदा त्या उठल्याच. फायली तर फायली, असं मनाशी म्हणत त्यांनी कमरेला पदर खोचला आणि दारापर्यंत आल्या.

तेवढ्यात तेवीस नंबरवर हालचाल झाली.

सुनेने अंगणावर एक नजर फिरवली, पाटी पुन्हा एकदा नीट वाचली, पायातल्या चपला काढल्या आणि पिवळ्या पावलांवर डाव्यावर डावी, उजव्यावर उजवी अशा जुळवून ठेवल्या. मग नातीचं तोंड छातीशी धरून ती अनवाणी, टाचा उचलत, त्या तापल्या फरशीवरून जिन्याखालच्या सावलीकडे पळाली. पोचल्यावर भिंतीला टेकून तिने आधी एक पाऊल झटकलं, मग दुसरं.

बावीस नंबरने चोविसाकडे बघितलं. चोविसाने सँडलचा पट्टा सोडला. पाच मिनिटांत सगळ्या आया, दोन बाप आणि ते चादरवाले आजोबा जिन्याखाली होते आणि अंगणात चपलांची रांग उभी होती. अशी सरळ, शिस्तशीर, न बोलणारी रांग त्या दवाखान्याने कधी पाहिली नव्हती.

साहेब बाहेर आले. "ही काय भानगड आहे?"

सून कचेरीतल्या आवाजात म्हणाली, "सर, आपल्या पाटीवर पावलं रिकामी ठेवू नयेत असं लिहिलंय. ज्यांचा नंबर अजून यायचाय, त्यांचं एकही रिकामं नाही. नंबर कुणाचा चुकलाय का, आपण कृपया तपासून घ्या."

साहेबांना तपासायला सांगितलं की राहवत नसे. ते दाराकडच्या पहिल्या जोडीपासून निघाले. पाचव्या जोडीपाशी त्यांनी कपाळावर आडवा हात धरला. अकराव्या जोडीपाशी हातातली फाइल डोक्यावर गेली. सतराव्यापाशी ते वळले आणि भराभर दाराशी आले. दारात मावशी होत्या.

"पुढचे राहिले की, साहेब."

"डोळ्यांवर येतंय."

"येणारच. तुमच्या डोक्याला चाळीस वर्षांची सवय आहे, तरी फाइल लागली. त्यांच्या डोक्यांना अजून केसांचीही सवय नाही."

साहेबांनी फाइल खाली घेतली. तिचा कोपरा दुमडला होता, तो ते बराच वेळ बोटाने सरळ करत राहिले. तेवढ्यात फाटकाशी पाहणीची गाडी थांबली. आलेली मंडळी गाडीतून उतरली, अंगणातल्या उन्हाकडे बघून तिथूनच रांगेवर नजर टाकली, "वा, शिस्त आहे," म्हणाली आणि सरळ पंख्याखाली गेली. रांगेत माणसं आहेत की नाहीत, हे बघायला कुणाला उन्हात जावंसं वाटलं नाही.

मावशी काट्याशी परतल्या. नंबर पुकारला जात होता, जिन्याखालून एकेक बाळ येत होतं. तेविसाला नात आली. मावशींनी हात वर धरला आणि आकडा मोठ्याने सांगितला. बरोबर सांगितला. नातीला उन्हाची झळ लागली नव्हती. काम संपल्यावर एक वेगळीच पंचाईत झाली. चपला इतक्या तापल्या होत्या की कुणाला पायात घालवेनात. मग मावशी बादली आणि तांब्या घेऊन रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी शिंपडत गेल्या, तोंडाने सगळ्यांचा उद्धार करत.

साहेबांनी अहवालात नवीन रांगव्यवस्था पूर्णपणे यशस्वी झाल्याचं लिहिलं. गुरुवारी कुणाचीही फायलींच्या खोलीत रवानगी झाली नाही. पाटी मात्र पुढच्या बुधवारी बदललेली दिसली. तिच्यावर खाली एक ओळ वाढली होती: "चपला जोडीने ठेवाव्यात."

पाहणीच्या त्या बुधवारी दुपारी मावशी घरी पोचल्या तेव्हा सून थंड पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. तळवे लाल झाले होते. मावशींनी वाकून ते बघितले. काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि आयुष्यात क्वचितच करतात ते केलं, म्हणजे मिटलं. मग स्वयंपाकघरातून बर्फाचे चार खडे आणून टबात टाकले.

सुनेने खिडकीकडे बघितलं. "आई, कपाटाशी ऊन आलंय. पाळणा दाराशी घेता का?"

"दहा मिनिटं झाली येऊन," मावशी म्हणाल्या आणि पाळणा ओढायला लागल्या.