कोरा रकाना

"अरे, तो तुझा तित्तर करून दाखव ना यांना."

हे सर मला मराठीत म्हणाले. मग तंबूतल्या पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, हा आमचा पारधी. याच्या जातीला इंग्रजांनी जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं, आता आमच्याकडे ससे मोजतो. हशा पिकला. माझं इंग्रजी कच्चं आहे, पण एवढं कळतं.

मी केलं. खोटं कशाला सांगू? तळवे तोंडाशी धरले आणि तित्तर ओरडलो. एकदा नाही, तीनदा. एकाने मोबाईल काढून शूटिंग केलं. बाहेरच्या झुडपातून खऱ्या तित्तराने उत्तर दिलं, तेव्हा तर लोक पोट धरून हसले. तो बिचारा मला आपला समजून ओरडत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हा आवाज बाने मला पोट भरायला, तित्तर फाशाकडे बोलवायला शिकवला होता.

मी दुबईत एका सर्व्हे कंपनीत आहे. होतो. ऑफिस अल कुसैसला, मालक म्हणजे हे सर, मूळचे पुण्याचे. रिकाम्या जमिनीवर कोणकोणतं जनावर राहतं ते बघून रिपोर्ट द्यायचा, हा कंपनीचा धंदा. बाकीच्यांकडे कॅमेरे, मशिनं. मी माग वाचणारा. सरांना माझी जात मीच सांगितली होती, इंटरव्ह्यूला. त्यामुळेच तर काम मिळालं.

या वेळची जमीन वाळवंटातली, सरकारी. सगळ्यांना खुली. परवाना काढून लोक तिथे बाज पक्षी घेऊन शिकारीला येत, उंट चरत. ती एका बिल्डरला रिसॉर्टसाठी हवी होती. बदल्यात तो लांबची तेवढीच जमीन सरकारला देणार होता. सरकारची अट एकच, त्या जमिनीवरही तेवढीच जनावरं पाहिजेत. ती आहेत की नाहीत, हे आम्ही सांगायचं. तंबू त्याच बिल्डरचा होता.

आमचा ड्रायव्हर दिनकर त्या तंबूच्या दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. साताऱ्याकडचा. आम्ही पाच जण एका खोलीत राहतो, सगळे मराठी. माझं आडनाव चारचौघांत खपून जाणारं आहे, त्यामुळे चार वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं. एका ताटात जेवलो होतो आम्ही.

त्या संध्याकाळी खोलीवर आलो तर चारही बॅगांना कुलपं. नवी कोरी, पिवळी.

"तसं काही नाही रे," दिनकर म्हणाला. "आपलं सहज."

कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. सगळे गोड बोलत होते. मी जिन्यात जाऊन बायकोला फोन लावला. ती म्हणाली, जेवलात का? जेवलो म्हणालो. आणि फोन ठेवला. गावात कुणाची कोंबडी गेली तरी बाला चौकीवर नेत. ती चौकी समुद्र ओलांडून माझ्यामागे आली होती.

मी कामात डोकं घातलं. आमच्यात एक रीत आहे. सूर्य बुडायच्या आत झाडाची फांदी ओढून वाट झाडून ठेवायची. मग सकाळी दिसेल तो माग ताजा. दोन्ही जमिनींवर मी चार-चार दिवस वाळू झाडली. खुल्या जमिनीवर ससा, हरीण, घोरपडीसारख्या धबची बिळं, आणि हुबारा. हुबारा म्हणजे आमच्या माळढोकाचा धाकटा भाऊच. तीन बोटं, मागे अंगठा नाही. बदल्यातली जमीन खडीच्या खाणीला लागून. तिथे चार दिवसांत कुत्री, कावळे आणि डंपरची चाकं. बस.

रोजचे माग वहीत टिपले आणि त्यावरून तक्ते भरून दिले. तिथेच माझी चूक झाली. पारधी माणूस जागेचं नाव कुठे लिहितो? माग बघितला की जागा आपोआप कळते. मी जागेचा रकाना कोरा ठेवला.

सरांनी तो भरला. हुबाराच्या तक्त्यावर खाणीजवळच्या जमिनीचा नंबर.

"सही कर. माग काढणाऱ्याची लागते."

"सर, हे माग तिकडचे आहेत."

"तिकडचे काय नि इकडचे काय? वाळू ती वाळू."

"हुबारा तिथे उतरतच नाही, सर."

"तुम्हा लोकांना माणसात आणलं, आता तू मला शिकवणार? सही कर. यल्ला, चल लवकर."

पेन हातात होतं. आणि मला आमचं माळरान आठवलं. तेही असंच गेलं होतं, बदल्यात. गवताचं रान कुणाला तरी दिलं आणि पलीकडची खडकाळ टेकडी आम्हाला दाखवली. कागदावर त्या टेकडीवर ससे होते, तित्तर होते. बा महिनाभर हिंडला, हात हलवत परत आला. शेवटी जुन्या रानात शिरला तर चोर म्हणून धरला. तिथेच जन्मलेला माणूस! त्या कागदावर सही कुणाची, हा प्रश्न मी लहानपणापासून डोक्यात घेऊन फिरलो. वाटायचं, कुणीतरी मोठा साहेब असणार. त्या टेबलाशी कळलं की नसणार. माझ्यासारखाच कुणीतरी असणार, नोकरीला घाबरलेला.

डोक्यात सणक गेली. मी सरांनी घातलेला नंबर खोडला. खरा लिहिला. खाली सही केली, आणि सहीपुढे लिहिलं, फासेपारधी. देवनागरीत, ठसठशीत.

सरांनी कागद टराटरा फाडला. "खलास. व्हिसा कॅन्सल. तुझ्या सहीवाचून माझं अडत नाही."

नसेल अडत. कुणाची तरी सही मिळेलच त्यांना.

दिनकर खोलीवर म्हणाला, "सरांचे पाय धर, ठेवून घेतील." मी त्याला म्हणालो, "आधी तुझ्या बॅगेचं कुलूप काढ." कुलूप काही काढलं नाही त्याने. घरी अजून कळवलेलं नाही. बायको रडेल, पोराची शाळा आहे, ते सगळं मला माहीत आहे. भीती वाटते. या दुबईत आज माझ्या बाजूने बोलणारा एक माणूस नाही.

पण माझी वही माझ्याजवळ आहे. आठ सकाळींचे माग, माझ्या अक्षरात. आज त्यात मी एकेका पानावर जागेचं नाव लिहून काढलं. जमिनीची अदलाबदल जिथे ठरायची आहे ते सरकारी ऑफिस उद्या सकाळी उघडतं. ऐकतील, नाहीतर हाकलतील. मी दारात उभा असेन. शिपाई विचारेल, तू कोण?

पारधी, म्हणेन. आणि वही उघडेन.