घमेल्याखालचा पाय

चोराचा पाय मी पुसला. तोही बूट घालून, विज्ञानाचा पदवीधर असताना, आणि चोर कसा शोधायचा हे शिकवणाऱ्या शिबिराच्या पहिल्याच सकाळी.

झालं असं, की आमच्या जळकोटच्या शाळेत दोन दिवसांचं फॉरेन्सिकचं शिबिर भरलं होतं. अकरा पोलीस आणि बारा विज्ञानशिक्षक. पोलिसांनी पुरावा उचलायला शिकायचं आणि शिक्षकांनी तेच शिकून पोरांना सांगायचं, म्हणजे उद्या गावात काही घडलं तर निम्मं गाव पुराव्यावरून चालत जाणार नाही, असा हेतू. शिकवायला महेश्वरी मॅडम आल्या होत्या. प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, चण बारीक, पण आवाज पीटीच्या सरांचा. व्यवस्था माझ्याकडं होती. सतरंज्या, चहा, माईक, सगळं मी जातीनं बघितलं आणि ठशात ओतायचं प्लास्टर कालवायला भांडं आणायचं विसरलो.

"घमेलं चालेल," मॅडम म्हणाल्या.

शाळेच्या तारेच्या कुंपणापलीकडं सिताबाईंचं रान आहे. त्यांच्या गोठ्याजवळ एक लोखंडी घमेलं पालथं दिसलं. वर दगड ठेवलेला. पालथ्या घमेल्यावर कुणी दगड कशाला ठेवील, हा प्रश्न पाचवीतल्या पोराला पडला असता. मला नाही पडला. मी दगड ढकलला, घमेलं उचललं, एक पाऊल पुढं टाकलं आणि वळलो.

"आरं मुडद्या! चोर तुडवलास की रं माझा!"

सिताबाई कडब्याची पेंढी टाकून धावत आल्या. साठीच्या पुढच्या, काटक, पदर कंबरेला खोचलेला. त्या माझ्या पायाकडं बघत होत्या. मीही बघितलं. ओलसर काळ्या मातीत माझ्या बुटाचा तळवा कंपनीच्या नावासकट उमटला होता आणि त्याच्या कडेनं दुसऱ्या कुणाच्या तरी चपलेचा जेमतेम चार बोटं रुंद ठसा उरला होता.

बुधवारी पहाटे सिताबाईंची चंद्री चोरीला गेली होती. चंद्री म्हणजे काळीभोर उस्मानाबादी शेळी, कपाळावर पांढरा ठिपका, दर वेताला जुळी देणारी आणि आता गाभण. बाकीच्या नऊ शेळ्या जागच्या जागी. गोठ्याच्या तोंडाशी एका डाव्या पायाचा ठसा तेवढा राहिला होता. सिताबाईंनी त्यावर घमेलं पालथं घातलं, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून दगड ठेवला आणि तीन दिवस त्याची राखण केली. पोलीस येतील, बघतील, लिहून घेतील. पोलीस काही आले नाहीत. आलो तो मी.

"तीन दिस म्या कुणाला फिरकू दिलं न्हाय," सिताबाई म्हणाल्या, "आन तू येऊन नाचलास."

"मावशी, चुकलं."

"चुकलं म्हणून उमटतोय का पुन्ना?"

तो पाय कुणाचा, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. बिरूचा. बिरू म्हणजे त्यांचा धाकटा दीर. चार वर्षांपूर्वी कळपाची वाटणी झाली, तेव्हा चंद्रीच्या आईवरून दोघांत जुंपली होती आणि तेव्हापासून बोलणं बंद. शेळी सिताबाईंकडं आली. बिरूभाऊ जाताना एवढंच म्हणाले होते की, "तिच्या पोटचं एक तरी माझं हाय, ध्यानात ठीव." ते वाक्य सिताबाईंनी चार वर्षं ध्यानात ठेवलं होतं. त्यात ठशाला टायरच्या चपलेची नक्षी आणि बिरूभाऊ टायरचीच चप्पल घालतात. झालं, गावात सांगून मोकळ्या झाल्या. ठाण्यात दिलेल्या तक्रारीत तेवढं नाव घातलं नव्हतं. पाय दाखवायचा आणि मगच नाव लिहायला लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एकदा कागदावर दीर चोर ठरला की ते घर कायमचं तुटणार, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून तर एवढी राखण.

मी खाली मान घालून मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं, आता शिबिरातून हाकलतात. त्या उलट खूश झाल्या. म्हणाल्या, "मी नकली गुन्हा मांडायला दोन पोतडी सामान घेऊन आलेय, आणि इथं कुंपणापलीकडं खरा पडलाय?" मग त्यांनी पोलिसांकडं वळून विचारलं, "ही तक्रार कुणाकडं आहे?"

हवालदार रणधीर यांनी हात वर केला. अर्धाच.

"बघायला गेला होतात?"

"बंदोबस्त होता, मॅडम."

"तीन दिवस?"

रणधीर यांनी हात खाली घेतला. मला जरा बरं वाटलं. वर्गात आता चुकलेले आम्ही दोघं होतो.

तेवीसजणांची वरात रानात निघाली. मॅडमनी सुतळी बांधून सगळ्यांना एका रेषेत उभं केलं आणि मला रेषेच्याही मागं. सिताबाईंना मात्र पुढं घेतलं. "तुमची जागा तुम्ही ओळखता. नेहमीपेक्षा वेगळं काय दिसतंय ते सांगा. काय घडलं ते सांगू नका, काय दिसतंय तेवढंच."

सिताबाईंना हा फरक फार आवडला. त्यांनी तो दोनदा स्वतःशी घोळवला. मग गोठ्यापासून हौदापर्यंत वाकून वाकून गेल्या. कुठली शेळी कधी कुठून गेली हे त्या खुरांवरून सांगत होत्या आणि आमचे बारा विज्ञानशिक्षक वहीत लिहीत होते. हौदाच्या कोपऱ्याला, गळत्या पाण्याच्या ओलीत, त्या थबकल्या.

"हितं चंद्री अडली. पाण्याला तोंड लावल्याबिगर ती हालत न्हाय. आन हितं... हितं त्यो तिला वढत हुता."

उजवा पाय. पुढच्या बोटांवर एका शेळीचा खूर पडलेला, पण टाच आणि मधला भाग जसाच्या तसा. गडबडीत सिताबाईंना आधी हा दिसलाच नव्हता. डावा सापडला, त्यावर घमेलं घातलं आणि शोध तिथंच संपला होता.

लगेच प्लास्टर ओतायला रणधीर पुढं झाले, तर मॅडम म्हणाल्या, "आधी सरावाला एक वाईट ठसा लागेल. आहे कुठं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अशा रीतीनं माझ्या बुटाचा ठसा शिबिराच्या कामी आला. प्लास्टर त्याच घमेल्यात कालवलं. किती पातळ, असा प्रश्न आला, तेव्हा सिताबाईंनी ते बोटावरून ओघळवून बघितलं. "धपाट्याचं न्हाय, धिरड्याचं पीठ करा." अर्ध्या तासानं माझा ठसा उचलला, तर काळी माती प्लास्टरला अशी चिकटली की कंपनीचं नावही वाचता येईना, आणि टाच हातात तुटून आली.

"आमच्या मातीला असं न्हाय जमायचं," सिताबाई म्हणाल्या. "आदी राख भुरभुरा. फडक्यातनं. तव्याला पीठ चिकटू नये म्हणून न्हाय का करत?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. "आम्ही कधी पावडर वापरतो. राखही चालावी. पण आधी फोटो, पट्टी ठेवून, सगळ्या बाजूंनी. राख पडली की त्या ठशात तुमचा हात आला. मग चोराचं त्यात किती हे सांगता यायला हवं."

फोटो झाले. मोजमाप झालं. चुलीतली राख जुन्या धोतराच्या फडक्यातून हलकेच पडली. प्लास्टर कडेकडेनं सोडलं. आणि मग वाट बघणं.

त्या अर्ध्या तासात कळलं की सिताबाई शाळेत कधीच गेल्या नाहीत, पण शाळा त्यांच्या कानात चाळीस वर्षं भरते आहे. कुंपणाला लागूनच शेळ्या चारायच्या, त्यामुळं पाढे तीसपर्यंत पाठ. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्यांना वर्गातल्या मागच्या बाकाआधी कळलं होतं. प्रश्न विचारायला मात्र कुंपणावरून कुणी सापडलं नव्हतं. ते सगळे साठलेले प्रश्न आता महेश्वरी मॅडमवर कोसळले.

"बोटाचा ठसा घामानं उमटतोय म्हणता. मग थंडीत चोरी केली तर?"

"घाम थोडा तरी असतोच. शिवाय तोंडाला, केसांना हात लागतो, त्याचं तेल असतं."

"म्हंजी डोक्याला तेल चोपडणारा चोर आदी घावायचा," असं म्हणून त्यांनी रणधीर यांच्या चकचकीत भांगाकडं बघितलं. "आन शेळीचा? शेळीला बोटं न्हाईत."

"गाईम्हशींच्या नाकपुडीवरच्या रेषांचा ठसा घेतात. एकीचा दुसरीसारखा नसतो. शेळीचा मी स्वतः घेऊन पाहिलेला नाही, खोटं सांगत नाही."

सिताबाई उठल्याच. जवळच्या एका शेळीचं तोंड धरून नाक बघत बसल्या. मग दुसरीचं. "आगं बया," एवढंच त्या बराच वेळ म्हणत होत्या. परत येऊन त्यांनी प्लास्टरवर तळहात ठेवला आणि झटकन काढला.

"तापलंय की! चूल न्हाय, जाळ न्हाय!"

ही माझी संधी होती. पाणी मिसळलं की प्लास्टरची पूड ते धरून घट्ट होते आणि त्यात उष्णता बाहेर पडते, हे मी नीट समजावून सांगितलं.

"हे तू वर्गात कदी सांगितलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "म्या ऐकलं असतं."

ठसा उचलला तो अख्खा. मॅडमनी कडेची माती पाण्यानं हलकेच सोडवली आणि पांढरा पाय उलटा करून सिताबाईंसमोर धरला. खड्डा होता तिथं उंचवटा आणि उंचवटा होता तिथं खड्डा. टायरची नक्षी स्पष्ट दिसत होती.

"टायरचीच हाय की मावशी," रणधीर यांनी पेन काढलं. एव्हाना त्यांना तीन दिवसांची भरपाई करायची घाई झाली होती. "लिहू का मग बिरूचं नाव?"

मॅडम म्हणाल्या, "ठसा नाव सांगत नाही, हवालदार. टायरची चप्पल, एवढी लांबी, आणि याचा सगळा भार टाचेवर. बास."

सिताबाईंनी अंगठा टाचेवर ठेवला. तिथं प्लास्टर सगळ्यात जाड होतं. त्यांनी अंगठा पुढं नेला, परत टाचेवर आणला. पुन्हा नेला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला एवढं कळलं की त्यांना काहीतरी दिसलंय आणि ते त्यांना दिसायला नको होतं.

"लिहू?" रणधीर यांनी पुन्हा विचारलं.

गप्प बसल्या असत्या तर कुणालाच कळलं नसतं. तिथं बिरूभाऊंचं चालणं ओळखणारं दुसरं कोण होतं?

"ह्यो बिरूचा न्हाय," सिताबाई म्हणाल्या. "शेळ्यांना पाला तोडताना त्यो लिंबावरनं पडला हुता. तवापास्नं उजवी टाच भुईला टेकत न्हाय त्याची. चवड्यावर चालतोय. ह्यो टाच रवून चालणारा हाय. लिही. बिरूचा न्हाय."

"न्हाय असं लिहीत नसतात, मावशी. कोण हाय ते लिहितात."

"मग शिक की आता! शिबिर कशापायी भरलंय?"

मॅडमनी रणधीर यांना ते वाक्य पंचनाम्यात जसंच्या तसं घ्यायला लावलं. दोन शिक्षक पंच म्हणून सही करून मोकळे झाले. मला मॅडमनी सही करू दिली नाही. मी जागेवर फेरफार करणारा इसम होतो.

मी हळूच म्हटलं, "मावशी, म्हणजे मी पुसला तो डावा ठसा तुम्हाला भलत्याच घरी घेऊन चालला होता."

"गप. शाणपणा नको. उद्या तू माझ्यासंगं यायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बिरूभाऊंच्या दारात उभं केलं. बिरूभाऊ अंगणात दोर वळत होते. वर बघितलंच नाही.

"मास्तर कशाला आणलाय? साक्षीला?"

"त्यानं सांगावं म्हणून," सिताबाई म्हणाल्या.

"तोंड त्याचं हाय का तुमचं?"

सिताबाईंनी पदर सारखा केला. "बिरू, त्यो पाय तुजा न्हाय."

"मला ठाव हाय. पाय माझाच हाय न्हवं." त्यांनी दोराला पीळ दिला. "वैनी, चार घरी जाऊन चोर म्हणलासा. आता त्याच चार घरी जायचं आन न्हाय म्हणायचं. मग या, च्या ठेवतो."

सिताबाई भांडतील असं मला वाटलं. त्या फक्त म्हणाल्या, "जाती."

आणि गेल्या. त्याच संध्याकाळी एका घरी, सोमवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. नुसतं "बिरूनं न्हाय केलं" असं म्हणून त्या परतल्या नाहीत. प्रत्येक ठिकाणी जमिनीवर कोळशानं टाच काढून भार कुठं पडतो ते समजावून सांगितलं. एका घरी तर तिथल्या नातवाला चवड्यावर चालायला लावलं. शिबिराला आलेल्या बारा शिक्षकांपैकी इतकं मनापासून कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. मी स्वतः अजून तो धडा घेतलेला नाही, पुढच्या आठवड्यात घेणार आहे.

चंद्री सापडलेली नाही. रणधीर दोन बाजार पालथे घालून आले. बिरूभाऊही बाजाराला जातात आणि आता शेळ्यांऐवजी माणसांच्या टाचा बघत हिंडतात, असं लोक सांगतात. परवा एका व्यापाऱ्यानं त्यांना विचारलं म्हणे, "पाव्हणं, चप्पल घ्यायची हाय का शेळी?"

राहिलंय ते चौथं घर. नागम्माचं. सिताबाई चोरीचं सांगायला गेल्या, तेव्हा नागम्मानं एकटीनं तोंडावर म्हटलं होतं, "बिरू तसला न्हाय, उगं नाव घेऊ नगंस." त्यावर सिताबाई तिला बरंच काही बोलून आल्या होत्या. आता तिथं जायचं म्हणजे नागम्माचं "मी काय म्हणलं हुतं?" ऐकून घ्यायचं. ते त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

"मावशी, नागम्माकडं कधी?" मी कुंपणावरून विचारतो.

"जाईन की. घर काय पळून चाललंय का तिचं?"

तिकडं डेअरीवर बिरूभाऊ भेटतात, किटली खाली ठेवतात आणि 'अजून तीनच घरं?' अशा अर्थानं मला तीन बोटं दाखवून भुवई उडवतात. मी होकाराची मान हलवतो. ते किटली उचलून चवड्यावर चालत घरी जातात.