चिमट्याने काढलेले कपडे

काकूंनी स्वयंपाकघरातला चिमटा खाली आणला होता. पोळ्या भाजायचा. त्या चिमट्याने त्या वॉशिंग मशीनमधले ओले कपडे एकेक करून बाहेर काढत होत्या आणि काळ्या गार्बेज बॅगेत टाकत होत्या. लहान मुलीची गुलाबी स्नोपँट. शाळेचे टीशर्ट. मोजे. एक लांब निळा हिजाब. तो चिमट्यातून सुटून जमिनीवर पडला तेव्हा काकू मागे सरकल्या, अंगावर पाल पडावी तशा.

सहरा दारात उभी होती. कपडे तिचे होते, तिच्या मुलांचे होते.

काकू मला मराठीत म्हणाल्या, "अगं, मशीन आपल्या सगळ्यांचं आहे. त्यात यांचं कसं चालेल?"

मग सहराकडे बघून हसल्या. इंग्रजीत म्हणाल्या, "सॉरी हं. मशीन इज नॉट वर्किंग."

मशीनचा दिवा चालू होता.

सहराने वाकून हिजाब उचलला. बॅगेत घातला. बॅगेला गाठ मारली आणि बर्फातून बस स्टॉपकडे निघाली. मी मागोमाग गेले. तिने वळून पाहिलं नाही. पायांत माझ्या नुसते मोजे होते. ते भिजले तेवढं मला कळलं. बाकी काही कळलं नाही.

कॅनडातल्या ग्वेल्फच्या जवळच आमचं हे लहानसं शहर आहे. इथल्या कोंबडीच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. सहरा पॅकिंगला. सोमालियातून निघून बरीच वर्षं केनियातल्या छावणीत राहिली, तिथून इथे आली. त्या वेळी तिला आणि आणखी काही सोमाली कुटुंबांना हायवेवरच्या एका मोटेलमध्ये ठेवलं होतं. सगळ्यांत मिळून एकच मशीन, ते बंद पडलेलं. मी म्हटलं, माझ्याकडे धू. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

मी काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. काका रिटायर्ड इंजिनियर. तरुणपणी इथे आले. पहिल्या वर्षी मसाल्याच्या वासामुळे कुणी खोली देईना, ही गोष्ट ते इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगायचे. लोक हळहळायचे. मीही हळहळायचे. मला ती गोष्ट ओळखीची होती. पुण्यात मी खोली शोधत होते तेव्हा फोनवर आडनाव सांगितलं की खोली नुकतीच गेलेली असायची. दर वेळी नुकतीच. इथे काकांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी किल्ली दिली. मला वाटलं, संपलं ते. समुद्रापलीकडे राहिलं.

कपड्यांच्या त्या प्रकारानंतर मी वर गेले. दोघं चहा पीत होते.

"काकू, ते कपडे धुतलेले होते."

"धुतलेले असले म्हणून काय झालं?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं मी काय म्हणतेय ते.

काकांनी मला बसायला सांगितलं. समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, आम्ही काही त्यातले नाही. तुझं आडनाव ऐकलं तेव्हा आम्ही काही बोललो का? ही म्हणत होती, नको. मी म्हटलं, शिकलेली मुलगी आहे, स्वच्छ राहते. ठेवून घेतलं ना तुला? पण म्हणून तू आणखी कुणालाही घरात आणायचं?"

मी काकूंकडे पाहिलं. शनिवारी माझे कपडे धुऊन झाले की वरून काकू यायच्या आणि मशीन रिकामं फिरवायच्या. ब्लीचचा वास जिन्यापर्यंत यायचा. मला वाटायचं, काकूंना स्वच्छतेची आवड.

मी विचारलं, "माझ्यानंतर मशीन ब्लीचने धुता ते त्यासाठी का?"

काकूंनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "अगं, ते जनरल हायजीन."

राग यायला हवा होता. आला नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. मी खाली आले. भात लावला. खाल्ला. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. सहरा भेटली. कपडे वाळले का, असं मी विचारलं. ती म्हणाली, वाळले. तेवढंच.

पुढच्या आठवड्यात काका स्वतः खाली आले. त्या मोटेलचं सिटीला कायमच्या घरांत रूपांतर करायचं होतं. सोमाली कुटुंबांसाठी. शहरात दोन तट पडले होते. दुकानांच्या काचांवर वेलकमचे कागद होते, अन् आमच्या गल्लीत लॉनवर विरोधाच्या पाट्या. काकांच्या लॉनवरही एक. कम्युनिटी हॉलमध्ये मीटिंग होती.

"तू चल," काका म्हणाले. "तू रोज त्यांच्यासोबत काम करतेस. ते लोक कसे राहतात ते तू सांग. आम्ही बोललो तर रेसिस्ट म्हणतात. तुझं ऐकतील."

"काय सांगू?"

"जे आहे तेच. अस्वच्छता, मुलांना वळण नाही वगैरे. दोन मिनिटं बोल फक्त."

मी बरं म्हटलं. का म्हटलं, मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

हॉल भरला होता. लोक भिंतीला टेकून उभे होते. सहरा मागच्या रांगेत होती, मांडीवर धाकटी झोपलेली. आमच्या मंडळातले सात-आठ जण काकांच्या आजूबाजूला. माझी पाळी आली. काकांनी पाठीवर थोपटलं.

माईकसमोर आधी नाव सांगायचं असतं. मी पूर्ण सांगितलं. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, आडनाव स्पेल करा. मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

मग इंग्रजीत म्हणाले, "मला इथे सोमाली लोक घाणेरडे आहेत हे सांगायला आणलंय. ते मी सांगणार नाही. मी ज्यांच्याकडे राहते ते माझे कपडे धुऊन झाले की मशीन ब्लीचने धुतात. माझ्या जातीमुळे. माझ्या देशात आम्हाला घर नाकारायला हीच कारणं द्यायचे. स्वच्छता, वळण. शब्दसुद्धा हेच होते."

टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "कास्ट म्हणजे?"

मी काकांच्या रांगेकडे हात करून म्हटलं, "त्या रांगेतल्या लोकांना विचारा. त्यांना माहीत आहे."

मागून एक गोरा माणूस ओरडला, "गो होम! ऑल ऑफ यू!" काकांनी मान खाली घातली. मी खुर्चीपर्यंत चालत आले. आवाज येत होते, पण लांबून, पाण्याखाली असल्यासारखे.

बाहेर सहरा भेटली. मला वाटलं, मिठी मारेल. तिने मारली नाही.

ती म्हणाली, "तू तुझं सांगितलंस. माझं मी सांगेन. तेव्हा तू हिला सांभाळ."

आणि झोपलेली मुलगी तिने माझ्या हातात दिली, कोटाची चेन लावायला.

निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला. काकांना अचानक बेसमेंट रिनोव्हेट करायचं सुचलं. मी कारखान्यातल्या एका फिलिपिनो बाईबरोबर दोन खोल्या घेतल्या. मंडळाच्या ग्रुपमधून माझं नाव गेलं. मग मंडळातल्या एकीचा फोन आला. माझ्याच वयाची, वाईट नाही.

"गोऱ्यांसमोर आपल्या लोकांची बदनामी केलीस गं."

"आपले लोक म्हणजे कोण?"

मी फोन कापला नाही. वाट पाहिली. तिनेच ठेवला.

मला मोकळं वगैरे काही वाटलेलं नाही. लोक विचारतात, बरं वाटत असेल ना आता. नाही वाटत. गाल अजून बधिरच आहे. पण बधिर गालानेही बोलता येतं, हे मला कळलंय.

पुढच्या मीटिंगला सहरा बोलणार आहे. मी मुलगी घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. त्यानंतर मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम आहे. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे. स्टेजवर जाणार आहे. हॉलमध्ये बोलले ते इंग्रजीत होतं, परक्यांसमोर. मराठीत बोलायचं अजून बाकी आहे. ते मी त्यांच्या तोंडावर बोलणार आहे.