चालत असेल तर आत येतो

"मी आरतीला उभा राहणार नाही. भांडी मात्र सगळी घासीन. चालत असेल तर आत येतो."

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. भाड्याने घेतलेल्या हॉलच्या दारात, बूट न काढता, ते हे म्हणाले आणि आतली वटवट एकदम थांबली. कुणी टाळ चाचपायला लागलं, कुणी फोन. शेवटी कुणाच्या तरी सासूबाई, नातवंडांना भेटायला म्हणून भारतातून आलेल्या, पदराला हात पुसत पुढे आल्या. "चालतंय की! पण आमटीचं पातेलं खालून लागलंय हो. तळ घासून काढावा लागेल."

"दाखवा तळ," ते म्हणाले आणि बूट काढून आत आले.

जेवणात मी मोदक वाढायला गेले तर त्यांनी ताटावर हात धरला. "ताई, प्रसाद म्हणून देताय का गोड म्हणून?"

"गोड म्हणून."

"मग दोन द्या. तूप जरा सढळ हातानं."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. नाही म्हणायचं असेल तर ते दारातच म्हणून टाकायचं, हा त्यांचा नियम होता. ते बौद्ध, देव मानत नसत आणि ते सांगताना त्यांचा आवाज चढतही नसे, पडतही नसे. पुढे ते आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हाही घरमालकाला त्यांनी दारातच सांगितलं होतं, "आमच्याकडे रोज फोडणी होते. जिन्यात वास येईल." घरासाठी इथे माणसं किती गोड बोलतात ते मला ठाऊक आहे, मी स्वतः फोडणीचा 'फ' काढला नव्हता. मी कपाळाला हात लावला. घर त्यांनाच मिळालं. घरमालक म्हणाला, जो वासाचं सांगतो तो भिंत फोडली तरी सांगेल.

त्यांचं कामही भिंतींचंच. पुलांचं काँक्रीट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते इंजिनियर होते. घरात शिरल्या शिरल्या, कोट टांगायच्या खुंट्यांपैकी शेवटच्या खुंटीला दोरीने पितळेचा ओळंबा, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघतो तो, लटकवलेला असे. पोस्टमनला ती घंटा वाटायची. ओळंबा त्यांच्या वडिलांचा. वडील जालन्याकडे गवंडी होते. एका देवळाची आवारभिंत त्यांनी बांधली, आणि देवळाचं उद्घाटन झालं त्या दिवशी त्यांना प्रसाद मिळाला तो त्या भिंतीवरून, बाहेर. "तेव्हापासून बाबा कामाला हो म्हणायच्या आधीच विचारायचे, काम झाल्यावर आत येऊ देणार का?" हे त्यांनी मला चहा गाळता गाळता सांगितलं होतं. मी साखर मागितली.

प्रयोगशाळेतले एक म्हातारे जर्मन तंत्रज्ञ त्यांचे दोस्त होते. ते घरी आले की इमारतीतली सगळी पोरं त्यांना ओपा, म्हणजे आजोबा म्हणत, म्हणून आम्हीही. हे ओपा फ्रीमेसन, म्हणजे जुन्या गवंड्यांच्या नावाने चालणाऱ्या एका बंधुसंघाचे सभासद, निघाले. एका संध्याकाळी ते आमच्या या शेजाऱ्यांना आपल्या लॉजमध्ये घेऊन गेले. लॉज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी 'राहण्याजेवणाची उत्तम सोय' अशी पाटी आली, हे कबूल करते. ती निघाली या मंडळींची जमायची जागा. गुण्या, करणी, ओळंबा ही गवंड्याची हत्यारं त्यांची चिन्हं. महिन्यातून एकदा पाहुण्यांसाठी दार उघडं असे. कुणीतरी भाषण करी, मग वाद, मग बिअर. आमचे शेजारी सफरचंदाचा रस घेऊन बसत.

वर्षभर गेले. मी चिडवायचे, "बायकांना घेत नाहीत तिथे एवढं काय सोनं लागलंय?"

"ते चूकच आहे. मी त्यांना तसं म्हणालोय," ते म्हणाले. "ताई, आमच्याकडे विहारात उशिरा गेलं तरी कुणीतरी सरकून जागा द्यायचं. बोलायचंसुद्धा नाही, नुसतं सरकायचं. इथे इतकी वर्षं झाली. लोक चांगले आहेत, हात मिळवतात. पण सरकलं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी तिथे बाक भरलेला होता आणि ते म्हातारे सगळे सरकले."

आता त्यांना पाहुणा राहायचं नव्हतं, सभासद व्हायचं होतं. आणि तिथेच घोडं पेंड खाणार होतं. कारण ही मंडळी विश्वाचा एक थोर बांधणारा मानतात, आणि आत घेण्याआधी माणसाला विचारतात, की तुझी श्रद्धा कशावर आहे.

त्यांच्या घरात खडाजंगी झाली. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "अहो, एका देवळाच्या पायरीवरून आपण उठलो ते काय दुसऱ्याच्या पायरीवर बसायला?" लेक इथेच वाढलेली, मराठी समजे पण उत्तर जर्मनमध्ये. ती म्हणाली, "पापा, झाग डोख आइनफाख या!" म्हणजे, सरळ हो म्हणून टाका ना. मी पुण्याची, मी मधला मार्ग काढला. "निसर्ग म्हणजेच देव, असं सांगा. कुणाचंच काही जात नाही."

"निसर्गाला मी निसर्ग म्हणतो की ताई. त्याला दुसरं नाव लावून मी आत शिरलो, तर आत बसलेला माणूस मी नसणार. मग सरकून जागा दिली ती कुणाला?"

लॉजची तीन माणसं त्यांना घरी भेटायला येणार होती. वहिनींचा राग होता तरी पाहुण्यांना कोरडं कसं पाठवायचं, म्हणून कांदाभजीचा घाट घातला आणि तळायला मला बोलावलं. स्वयंपाकघराचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं. घंटी वाजली. पाहुण्यांचे कोट अजून अंगावरच होते, आणि आमचे शेजारी बोललेच, "मी देव मानत नाही. जग बांधणारा कुणी आहे असं तुम्ही म्हणता, मला हो म्हणता येणार नाही. त्यामुळे जमत नसेल तरी हरकत नाही, पण भजी खाऊन जा."

वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. त्यांना हे नको होतं, आणि आता नकार येईल म्हणून डोळ्यांत पाणीही त्यांच्याच.

त्यांच्यातले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. हेच विचारायला आलो होतो. आमच्यातल्या काही लॉज नुसत्या ख्रिश्चनांनाच घेतात. आमची तशी नाही. पण आमच्यात येणारा माणूस शब्द देतो. शब्द देताना तुम्हाला धाक कशाचा असतो, तेवढं सांगा."

आमच्या शेजाऱ्यांनी खुंटीकडे बोट केलं. "त्याचा. तो माझ्या वडिलांचा आहे. भिंत तिरकी असली तर तो तिरकीच दाखवतो, मग ती देवळाची असो नाहीतर माझी. त्याच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही." आणि त्यांनी त्या भिंतीवरून मिळालेल्या प्रसादाची गोष्ट सांगितली, मला सांगितली तशीच, साधी.

तिघं ओळंब्यापाशी जाऊन उभे राहिले. हलत होता तो एकाने दोन बोटांनी स्थिर केला. इकडे माझा पहिला घाणा करपला. दुसरा मी नीट काढला आणि तो त्यांनी कोट काढून, बसून खाल्ला.

लॉजमध्ये नव्या माणसावर मत देतात ते गोळ्या टाकून. पांढरी म्हणजे या, काळी म्हणजे नको. कुणी कुठली टाकली ते कळत नाही. त्या दिवशी ते घरात बसेनात, जिन्यात येरझाऱ्या घालत होते. मी कचरा टाकायच्या निमित्ताने दोनदा बाहेर डोकावले. फोन वाजला. पलीकडून ओपांचा आवाज माझ्यापर्यंत आला, इतके ते मोठ्याने ओरडत होते. सगळ्या पांढऱ्या.

ते जिन्याच्या पायरीवरच बसले. डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सरकले, ताई." मग मीही तिथेच बसले. मला फार आनंद झाला होता, आणि थोडा हेवाही वाटत होता.

आत घ्यायच्या विधीत काय झालं, शपथ घेताना त्यांनी कशावर हात ठेवला, हे मी नाना परीने विचारून पाहिलं. "ते सांगायचं नसतं," एवढंच उत्तर. पण त्या संध्याकाळी मी वहिनींकडे विरजण मागायला गेले होते, तर खुंटी रिकामी. वहिनी म्हणाल्या, "कोटाच्या खिशात घालून नेलाय. बाकी मला विचारू नका." सकाळी ओळंबा जागेवर होता.

गेल्या वर्षी त्यांना हॅम्बर्गला बंदराकडच्या पुलांचं काम मिळालं आणि बिऱ्हाड हललं. जिन्यात आता एकट्या माझ्याच फोडणीचा वास येतो. तिथल्या लॉजमध्येही ते जातात, पाऊस फार आहे म्हणतात, खुशीत आहेत. मला मात्र वरच्या मजल्यावर पावलं वाजली की अजून वाटतं, आता घंटी वाजेल.

यंदाच्या गणपतीत आरतीची तयारी चालू होती आणि भांड्यांचं कोण बघणार यावरून कुजबुज. तेवढ्यात हॉलच्या दारात ओपा उभे. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट तसेच. खिशातून कागद वगैरे काही काढला नाही. पाठ करून आले होते.

"मी आर्तीला उबा राहनार नाही. बांडी सगळी घाशीन. चालत असेल तर आत येतो."

टाळ थांबले. या वेळी मला सासूबाईंची वाट बघावी लागली नाही. "चालतंय की! या," मी म्हणाले.

जेवणं झाल्यावर ओपांनी बाह्या सरसावल्या. मी हॅम्बर्गला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सिंकवर टेकवून ठेवला. पलीकडे ते चष्मा सारखा करत बघत होते. ओपांनी साबणाच्या हाताने आमटीचं पातेलं उचलून त्यांना दाखवलं.

"ताई," ते म्हणाले, "त्यांना सांगा, तळ राहिलाय."