नव्या संगणकातला आईचा जुना संगणक

शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात आई मराठी अक्षरजुळणीचं काम करायची. सरकारी नोकरीच्या आशेने ती टंकलेखन शिकली होती. ती नोकरी काही मिळाली नाही, पण त्याच बोटांच्या जोरावर तिने मला इंजिनिअर केलं. लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिक अंक, आमच्या वस्तीतल्या बुद्धजयंतीची पत्रकं, सगळं ती एकाच जुन्या प्रोग्रॅमवर करायची आणि कीबोर्डकडे कधी बघायची नाही.

एके दिवशी तिथला संगणक बंद पडला. मालकांनी नवा आणला. नव्या सिस्टीमवर आईचा प्रोग्रॅम चालेना. मालक म्हणाले, "बाई, मी संगणक घेतलाय, संग्रहालय नाही काढलेलं." सोमवारपर्यंत नवीन पद्धत शिकून या, नाहीतर दुसरी मुलगी बघतो, असंही त्यांनी सांगितलं. घरी येऊन आईने हे मेथी निवडता निवडता सांगितलं. माझं डोकं सणकलं. अठरा वर्षांच्या कामाला तीन दिवसांची मुदत?

मी तेव्हा खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. एका संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक तयार करायचा, त्यात वेगळी सिस्टीम घालायची आणि बिघडवून बघायची, हे आमचं रोजचं काम. त्याला आम्ही व्हर्च्युअल मशीन म्हणायचो आणि त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं.

रविवारी सकाळी मालकांची परवानगी घेऊन आम्ही दोघी छापखान्यात गेलो. नव्या संगणकात मी खोटा संगणक उभा केला, त्यात जुनी सिस्टीम घातली, मग आईने कपाटात जपून ठेवलेल्या सीडीवरून तिचा प्रोग्रॅम. तो सुरू झाला आणि लगेच अडला: कुलूप सापडत नाही. हे कुलूप म्हणजे संगणकाला मागे प्रिंटरची वायर लावतात त्या जागी खोचायचा एक ठोकळा; जुन्या संगणकाचा काढून मी तो नव्याला लावला होता. तो नसेल तर प्रोग्रॅम चालत नसे. मी तो काढून पुसला, पुन्हा खोचला, तीनदा सगळं बंद करून चालू केलं. दुपार झाली. आईने डबा उघडला आणि शांतपणे विचारलं, "ठोकळा बाहेरच्याला लावलाय. आतल्याला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. ठोकळा खोचलेली ती बाहेरची जागा, म्हणजे पोर्ट, मी आतल्या मशीनला जोडून दिली. प्रोग्रॅम उघडला. आईने हात धुऊन एका पत्रिकेच्या चार ओळी सरसर जुळवल्या. मला तिचा फार अभिमान वाटला.

सोमवारी मालकांनी पडदा बघितला. "नव्या मशीनवर जुनंच. बरीच प्रगती आहे," म्हणाले. आईने एक बटण दाबून जुनी खिडकी लहान केली, मागची नवी सिस्टीम दाखवली आणि पुन्हा कामाला लागली. दुसऱ्या मुलीचा विषय मालकांनी परत काढला नाही.

हे आईने त्याच संध्याकाळी सांगितलं. मी म्हटलं, चला, आता नवीन शिकायची कटकट गेली. तिने माझ्या बॅगेतून माझा लॅपटॉप काढून समोर ठेवला.

"आता शिकव," ती म्हणाली. "कुणी हाकलेल म्हणून शिकायचं नव्हतं मला."