सात श्वासांची शांतता

जर्मनीतल्या वायमारच्या दरबारी नाटकघरात सिबिल ट्राउटमान यांनी अकरा वर्षं राण्या केल्या. गद्यातल्या राण्या, छाती पिटून रडणाऱ्या. मग काव्याचं वारं आलं. कवी एल्सनरसाहेब तालमीत काठी आपटून वृत्त मोजू लागले, हातवारे बंद झाले, सगळ्यांनी ग्रीक पुतळ्यांसारखं उभं राहायचं ठरलं. नेमके तेव्हाच बाईंचे पुढचे दोन दात पडले. "वृत्तात शिट्टी वाजते," एवढंच म्हणून साहेबांनी त्यांना रंगमंचाच्या तोंडाशी, फळ्यांखाली असलेल्या खोपटीत बसवलं, अडलेल्या नटांना ओळी सांगायला.

नव्या काव्यनाटकातली राणी क्लिओमेना बाईंना मिळायची होती; ती भूमिका गेली नवख्या एर्नेस्टीनकडे. वय एकोणीस. बाईंचाच पांढरा झगा तिच्यासाठी कमरेत दोनदा दुमडून शिवला, आणि कपडेवाल्या लिनाने ते सगळ्यांदेखत बोलून दाखवलं.

"सिबिलबाई, तुमच्या एका झग्यात असल्या दोन राण्या मावतील हो!"

"मावू देत. आवाज एकीचा तरी पुरतोय का बघ," बाई फणकारल्या.

खोपटीत बसलं की नाकासमोर एर्नेस्टीनचे पाय येत, नाजूक, सोनेरी पट्ट्यांच्या चपलांतले. ते पाय बघून बाईंच्या अंगाची आग होई. पोरगी स्वभावाने चांगली होती, हे तर आणखीच खुपे. बाजारातून कांद्याचा गरम केक आणून ती म्हणे, "मावशी, आधी तुम्ही." बाई केक खात आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालत.

पहिल्या प्रयोगाला राजघराणं आलं होतं. तिसऱ्या अंकात मुलगा मेल्याची बातमी येते आणि राणी म्हणते, 'दिवा विझवू नका, तो अंधारात यायला घाबरतो.' ही ओळ म्हणजे बाईंचा जीव की प्राण. एर्नेस्टीन नेमकी तिथेच अडली. पायांची बोटं आवळली गेली. तिने खाली पाहिलं. ओळ बाईंच्या जिभेवर होती, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. होऊ दे फजिती एकदाची!

एर्नेस्टीन हलली नाही. हात नाही, पापणी नाही. नाटकघर चिडीचूप. वरच्या सज्जात कुणाला तरी हुंदका फुटला. मग तिला ओळ आठवली आणि ती हलकेच बोलली. टाळ्या थांबेनात.

पडदा पडताच एल्सनरसाहेब धावत आले. "हेच! दुःख आहे आणि गोंगाट नाही! किती वर्षं घसा फोडतोय मी! सिबिलबाई, वहीत लिहा. इथे सात श्वास शांतता. ओळ सांगायची नाही."

बाईंनी लाल पेन्सिलीने लिहिलं.

साहेब गेल्यावर एर्नेस्टीन गळ्यात पडली. "मावशी, मी विसरले होते हो! साहेबांना सांगू नका. पण तुम्हाला खात्री होती ना, मी सावरेन म्हणून? म्हणूनच गप्प राहिलात ना?"

बाईंना खरं सांगायचं होतं. त्या पोरीचा उतरलेला चेहरा बघायचा होता.

"हो," त्या म्हणाल्या.

नाटकाचे आणखी चौदा प्रयोग झाले. दर वेळी तिसऱ्या अंकात एर्नेस्टीन विश्वासाने खाली बघे. बाई बोटांवर सात श्वास मोजत आणि मानेने खूण करत. मग ती ओळ एर्नेस्टीन म्हणे, आणि बाई तोंड मिटून ऐकत.