सहा सिलिंडर आणि मागची गादी

एकतीस वर्षं मी मोटारसायकलींच्या सीटा भरतोय. त्यामुळे गाड्यांबद्दलचं माझं ज्ञान शरीराच्या ज्या बाजूने आलंय, ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही. बोलतो मात्र असा, की इंजिनं जणू मीच जन्माला घातली.

गेल्या महिन्यात जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने दोन धूडं दुकानात आणून सोडली. दोन्ही सहा सिलिंडरची. एक लांबच्या प्रवासाची: पुढे मोठी काच, मागे पेट्या, पाठ टेकायला उशी, शिवाय रिव्हर्स गिअर. दुसरी क्रूझर: बुटकी, उघडीवाघडी, सगळं इंजिन बाहेर. व्यापारी म्हणाला, "सीटा भर, आणि यातली एक तूच घेऊन टाक. किती वर्षं नुसता 'मोठी गाडी, मोठी गाडी' घोकतोयस!"

घ्यायची तर होतीच. पण बायको मागे बसणार असेल तरच. अकरा वर्षांपूर्वी तिने माझ्या गाडीवर बसणं सोडलं होतं. "घाबरते हो ती," असं मी गावभर सांगत आलो. एकट्याने एवढं धूड घेऊन जायचं कुठे, भाजी आणायला?

पहिल्याच दिवशी दोन्ही सीटा भरल्या आणि अभ्यास सुरू केला. आठ दिवस आळीपाळीने दोन्हींवर बसलो. दुकानातच, स्टँडवर! वहीत लिहिलं: मोठीवर आरामखुर्ची, पण वळवायची म्हणजे कपाट सरकवणं. बुटकी हलकी, म्हणजे पावणेचारशेऐवजी सव्वातीनशे किलो. तिला स्टँडवरून उतरवायला गेलो, तर ती जागची हलली नाही, माझी कंबर हलली. तरी निकाल बुटकीच्या बाजूने दिला. तिच्या आरशात मी बरा दिसत होतो, हे वहीत लिहिलं नाही.

बायको दुकानात कव्हरं शिवते. मशीनवरून मान वर न करता तिने विचारलं, "आठ दिवसांत एकदा तरी मागे बसलात?"

"मागे बसून काय कळणार?"

"बसा तर खरं."

बुटकीच्या मागे बसलो. पाच मिनिटांत माकडहाडाने बोंब ठोकली. "अगं, हिच्यात स्पंज आहे की नाही?"

"तुम्हीच भरलाय ना? पुढचा कापून उरलेले तुकडे."

आमच्या धंद्याची रीतच ती. पैसे देणारा पुढे बसतो, म्हणून अखंड स्पंज पुढे आणि चिंध्याचांध्या मागे. आमच्या घरच्या गाडीलाही मी तेच केलं होतं.

"म्हणजे तू घाबरून नाही..."

"घाबरायला काय झालंय मला? कंबर धरायची माझी. दोनदा सांगितलं, तुम्ही हसलात."

माझं तोंड चिमणीएवढं झालं. लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

मोठीची मागची जागा सोफ्यासारखी रुंद, पाठीला उशी, स्पंज काय नंतर बदलता आला असता; म्हणून बायकोला आधी तिकडे नेलं. पण पेटीवरून तिचा पाय पलीकडे जाईना. बुटकीवर मात्र गेला. मग मी बुटकीची सीट उसवली, स्पंजचा नवा तक्ता काढला आणि पहिल्यांदाच मागच्या जागेपासून कापायला घेतलं. कव्हर तिने शिवलं.

दुपारी ती मागे बसली. मी पुढे बसलो नव्हतो, गाडीही स्टँडवरच होती. बराच वेळ झाला तरी ती उतरेना.

"उतर की आता, टाके तपासायचेत," मी म्हणालो.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून दुखत नाहीये."